तंजावरच्या भिंतीवरची मराठी

तंजावरच्या बृहदीश्वराच्या देवळाच्या आवारात अनवाणी फिरायचं असेल तर उन्हं कलल्यावरच जा. आमच्या टूरवाल्यांनी भर दुपारी नेऊन सोडलं. अंथरलेल्या पट्ट्यांवरून पाऊल जरा बाजूला पडलं की तळवे भाजलेच. त्यात गाइड रंगवून सांगतोय, 'या शिखराची सावली जमिनीवर पडतच नाही.' साठ मीटरांहून उंच शिखर, त्याची सावली फरशीवर चांगली ऐसपैस पसरलेली, आणि आमची अर्धी मंडळी त्याच सावलीत उभी राहून माना डोलावतायत!

मी आले होते मराठी शिलालेखासाठी. तो गाइडच्या यादीतच नव्हता. "मॅडम, पुढे कुंभकोणम आहे, वेळ नाही." म्हटलं, तुम्ही व्हा पुढे. आणि नैऋत्येकडच्या ओवऱ्यांकडे एकटीच निघाले.

मदुराईपासून एका पाटीवरचं अक्षर लागत नव्हतं, आणि इथे भिंतच्या भिंत देवनागरीत! तंजावरच्या मराठा गादीवरच्या दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये कोरून घेतलेला भोसले घराण्याचा इतिहास. बारीक, ठाशीव अक्षरं, ओळीखाली ओळ. भराभर काही वाचता येत नाही. मध्येच एखादं ओळखीचं नाव सापडतं आणि पुढची ओळ पुन्हा निसटते. जगातल्या फार मोठ्या शिलालेखांत याची गणना होते. त्याला टेकून एक कुटुंब दहीभात खात बसलं होतं. मी वाकून वाचतेय म्हटल्यावर त्यांतल्या आजींनी पिशवी उचलून घेतली, सुनेलाही सरकवलं आणि मला भाताचा डबा पुढे केला. भाषेचा एक शब्द सामाईक नाही, पण पाहुणचारात कसूर नाही. खरं सांगते, आमच्या बसमधल्या कुणी अख्ख्या प्रवासात मला चिवडासुद्धा विचारला नव्हता.

एक गोष्ट मात्र खटकली. हे देऊळ पहिल्या राजराज चोळाने १०१० मध्ये पूर्ण केलं. देवळाभोवतीच्या तमिळ लेखांत त्याने स्वतः दिलेली दानं आहेत, बहीण कुंदवैची आहेत, आणि गावोगावच्या देवळांतून आणलेल्या ४०० नर्तकींची नावंसुद्धा आहेत. कुणाला कुठलं घर, वर्षाला भात किती, सगळं दगडावर. जवळजवळ आठशे वर्षांनी आपण तिथे कोरलं ते राजघराणं एके राजघराणं. त्याच सरफोजींनी सरस्वती महाल ग्रंथालय असं काही वाढवलं की राजांविषयी आदरच वाटतो, पण या भिंतीपुरते चोळ आपल्यापेक्षा मोठ्या मनाचे ठरले, असं माझं मत.

दारासुरमला ऐरावतेश्वराच्या देवळातल्या दगडी रथाची चाकं मोबाइलच्या गर्दीतून जेमतेम दिसली. राजेंद्र चोळाचं गंगैकोंडचोळपुरमचं देऊळ कार्यक्रमात नव्हतंच. त्याच्या जागी रेशमी साड्यांच्या दुकानात दीड तास होता, आणि तिथे मात्र वेळ नाही असं कुणी म्हणालं नाही.