परीक्षण लिहिणार कोण आणि त्याचे पैसे देणार कोण

हल्ली नवीन नाटक आलं की शुभारंभाच्या प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत माझ्या फेसबुकवर कौतुकाचा पूर आलेला असतो. लिहिणारे निम्मे त्याच लाइनमधले, म्हणजे ज्यांचं स्वतःचं नाटक दोन महिन्यांनी येणारे ते, उरलेले पासवर गेलेले, आणि शेवटी 'अजिबात चुकवू नका' हे ठरलेलंच. ही माणसं खोटं बोलतात असं मी म्हणत नाहीये. पहिल्या प्रयोगाला अर्धं थिएटर ओळखीच्यांनी भरलेलं असतं, प्रयोग संपल्यावर सगळे आत मेकअप रूममध्ये जातात, गळाभेटी होतात, सेल्फी होतात, आणि मग घरी येऊन 'दुसरा अंक पार ढेपाळलाय' असं कोण लिहिणार? मी पण नाही लिहिणार, उद्या त्याच माणसासोबत चहा प्यायचाय.

हे लिहू शकायचा तो पेपरचा समीक्षक. तो काही फार शूर होता म्हणून नाही, त्याचा पगार दुसरीकडून यायचा म्हणून. पास निर्मात्याचाच असायचा, पण महिन्याचं घर निर्मात्यावर चालत नव्हतं, आणि निर्माता चिडला तर फोन संपादकाला जायचा आणि संपादक (बरा असला तर) तो तिथेच मिटवायचा. माझ्या मते सगळा खेळ या एका व्यवस्थेवर उभा होता. आपण समीक्षकांची विद्वत्ता, व्यासंग वगैरे आठवत बसतो, पण व्यासंगी माणसं आजही आहेत की, त्यांना पगार देऊन वर्षभर नाटकं बघायला लावणारं कोणी उरलेलं नाही इतकंच.

माधव मनोहरांचं नाव जुनी माणसं आजही थोडं दबकून घेतात. 'स्वतंत्र' म्हणून जाहिरात केलेल्या नाटकाचं मूळ कुठल्या परदेशी नाटकात आहे ते हा माणूस शोधून काढायचा आणि छापायचा. आता विचार करा, त्यासाठी किती वाचलेलं लागत असेल, आणि ते छापायला पाठीशी काय लागत असेल. नंतर ज्ञानेश्वर नाडकर्णी, कमलाकर नाडकर्णी, पुष्पा भावे, इंग्रजीत शांता गोखले, महाराष्ट्र टाइम्समध्ये जयंत पवार. लोकसत्तात रवींद्र पाथरेंनी वर्षानुवर्षं लिहिलंय. जयंत पवारांचं तर वेगळंच, गिरणगावावरचं 'अधांतर' लिहिणारा हा नाटककार नोकरीत दुसऱ्यांच्या नाटकांवर लिहायचा. तसं बघायला गेलं तर हे अडचणीचं, आपणही नाटक लिहायचं आणि स्पर्धकाच्या नाटकाला नावं ठेवायची, पण मराठी नाटकाचं गाव इतकं छोटं आहे की तुम्ही कोणालाही समीक्षक करा, तो कोणाचातरी मित्र नाहीतर शत्रू निघणारच. पवार 2021 मध्ये गेले.

आता पानाचं गणित. नाटकाच्या जाहिराती हा मराठी पेपरचा एक मोठा ऐवज होता, शनिवार-रविवारी पेपर उलटा धरून आधी ते पान बघायचं ही मुंबई-पुण्याची सवयच होती, शिवाजी मंदिरला काय, दीनानाथला काय, बालगंधर्वला काय. त्या जाहिराती यायच्या म्हणून शेजारी परीक्षणाला जागा असायची, आणि गंमत म्हणजे जाहिरात देणाऱ्याच्याच नाटकाला त्या जागेत फोडलेलं असायचं. ओढाताण होती, दबाव होते, सगळं होतं, पण दोन्ही एकाच कागदावर नांदत होतं. मग बुकिंग फोनवर गेलं, बुकमायशो आलं, आता तिकिटालय आलंय, निर्मात्याला प्रेक्षक रीलमधून मिळायला लागला. त्यात 2020 चा मार्च आला. थिएटरं बंद, जाहिराती बंद, पेपरांची पानं कमी झाली. थिएटरं उघडली, पानं काही पूर्ण परत आली नाहीत.

मी स्वतः काही वर्षं एका पेपरच्या पुरवणीत अधूनमधून लिहायचो (नाव राहू दे). मानधन रिक्षाभाड्यात जायचं. सुरुवातीला परीक्षणाला जवळजवळ पाव पान होतं, नाटकाची गोष्ट सांगून झाल्यावरही नेपथ्य, प्रकाशयोजना, संगीत यावर नीट बोलता यायचं. मग शब्द अर्धे झाले. मग सांगण्यात आलं की वर स्टार टाक. मग एक दिवस फोन आला की परीक्षण नको, हिरॉइनची मुलाखत घे, मालिकेतली आहे, लोक वाचतात. त्यांचंही चूक नव्हतं, लोक खरंच वाचत होते.

तर मग गेलं तर गेलं, बिघडलं काय? नाटक चालायला समीक्षक लागतच नाही. झाडीपट्टीच बघा. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, दिवाळीनंतर सगळा हंगाम रात्र रात्र नाटकं, वडसा म्हणजे त्या धंद्याचं हेडक्वार्टर, कंपन्या तिथून सुटतात, गावोगावी मंडपात हजारो माणसं तिकीट काढून बसतात. तिथले नट परशुराम खुणे यांना 2023 ला पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्याकडच्या भल्याभल्या नाट्यरसिकांनी गूगल केलं. मुंबईच्या समीक्षकांनी या रंगभूमीकडे कितीसं बघितलं? समीक्षेचा सोन्याचा काळ वगैरे म्हणताना हे पण सांगायला पाहिजे की तो काळ दादर ते डेक्कन एवढाच लांब होता.

पण धंदा ही एक गोष्ट आणि आठवण ही दुसरी. मराठी नाटकाची संहिता सेन्सॉरकडे, म्हणजे रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे जाते, तिथे तिचा कागद असतो. कधी पुस्तक पण निघतं. प्रयोगाचं काय? चालू नाटकाचं चांगलं शूटिंग निर्माता बाहेर सोडत नाही, त्याचं तिकीट बुडेल ना, आणि नाटक बंद पडल्यावर सेट गोडाऊनमध्ये, नट मालिकेत. छबिलदासच्या शाळेत सत्तरच्या दशकात 'आविष्कार' या प्रायोगिक नाट्यसंस्थेने जे प्रयोग चालवले, ते मी पाहिलेले नाहीत, माझा तेव्हा जन्मही झालेला नव्हता. मला ते माहीत आहेत ते त्या लोकांनी पुढे सांगितलेल्या आठवणींतून आणि तेव्हाच्या परीक्षणांतून. आठवणीत सगळेच प्रयोग थोर होतात हो. कुठला फसला, कुठे प्रेक्षक चुळबुळला, कुठल्या नटाला भूमिका झेपली नाही, हे त्याच आठवड्यात छापून आलेल्या कागदातच सापडतं. आजचं एखादं नाटक 2060 मध्ये कोणाला अभ्यासायचं झालं तर त्याच्या हाती काय लागेल? पोस्टर, आणि 'चुकवू नका'.

त्यातही व्यावसायिक नाटकाचं काहीतरी मागे राहील. चार प्रयोग होऊन संपणाऱ्या प्रायोगिक नाटकाचं काहीच नाही. पगारी समीक्षकाचा सगळ्यात मोठा उपयोग हाच होता की तो कंटाळवाणी नाटकंही बघायचा. आपण हौशी लोक आपल्याला आवडेल असं वाटतं तेच बघतो, जोडीने गेलं की तिकिटाचे हजारेक रुपये जातात, गाडीखर्च वेगळा, आवडलं तर लिहितो, नाही आवडलं तर गप्प बसतो. पण एखाद्या दिग्दर्शकाची आधीची दोन फसलेली नाटकं कोणीतरी बसून बघितलेली असली तरच तिसऱ्यात तो कुठे सुधारला हे सांगता येतं.

आणि 'नाही' ऐकायची सवय गेली की काय होतं ते 2022 मध्ये दिसलं. पुरुषोत्तम करंडक, 1963 पासून चालत आलेली स्पर्धा, कॉलेजच्या पोरांसाठी देवाच्या जागी, आणि परीक्षकांनी सांगितलं की करंडक द्यावा अशी एकही एकांकिका नाही. असं पहिल्यांदाच झालं. दोन्ही बाजूंनी चिक्कार लिहिलं गेलं, मुलांचं मनोबल खचेल, परीक्षक जुनाट आहेत, नाही नाही बरोबरच केलं. निर्णय बरोबर होता का चूक ते मी सांगणार नाही, मी त्या एकांकिका पाहिलेल्या नाहीत. पण त्या गदारोळात नेमक्या कुठल्या एकांकिकेत काय कमी पडलं हे प्रवेश धरून, प्रसंग धरून लिहिलेलं मला कुठे वाचायला मिळालं नाही. करंडक द्यावा का देऊ नये यावर शेकडो पोस्टी, नाटकावर शून्य. पोरांना त्यातलं दुसरं हवं होतं असं मला वाटतं.

पैशाचं कोडं मला सुटलेलं नाही. नाट्य परिषदेने समीक्षक पोसावा असं एक मित्र म्हणतो, पण ती नाटकवाल्यांचीच संस्था, मग परत तीच मिठी. वाचकांनी वर्गणी काढून दोन-तीन माणसांना वर्षभर नाटकं दाखवायची हे जास्त पटतं. यूट्यूबवर काही मुलंमुली जीव तोडून बोलतात, चांगलं बोलतात, पण व्ह्यूज हवे तर नटाची मुलाखत हवी आणि मुलाखत हवी तर नटाला दुखवून चालत नाही, म्हणजे फिरून आमच्या पुरवणीचंच.

खरं परीक्षण मला हल्ली सापडतं ते भलत्याच ठिकाणी. राज्य नाट्य स्पर्धेच्या हौशी नाटकांच्या प्राथमिक फेऱ्या वेगवेगळ्या केंद्रांवर होतात, आणि काही ठिकाणचे स्थानिक पेपर अजून रोजच्या रोज त्या दिवशीच्या नाटकावर छापतात. लिहिणारा बहुतेक वेळा गावातला प्राध्यापक नाहीतर जुना रंगकर्मी, रात्री नाटक बघून रात्रीच लिहून देणार. भाषा कधी ठोकळेबाज, 'नेपथ्य सूचक, प्रकाशयोजना परिणामकारक' छाप. पण तो रोज बसतो, रिकाम्या खुर्च्यांत बसतो, काल काय होतं ते त्याला माहीत असतं, आणि आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचत नव्हता हे तो नाव घेऊन लिहितो. मग सकाळी त्या नाटकवाल्यांच्या ग्रुपवर आग लागते, त्याला काय कळतंय, त्याने स्वतः काय केलंय, दिग्दर्शक त्याला फोन लावतो आणि अर्धा तास भांडतो, की तुम्ही ज्याला संथ म्हणताय तो पॉज मुद्दाम घेतलाय, आणि पलीकडून उत्तर येतं, मुद्दाम घेतलाय तर मग त्या पॉजमध्ये तुमचा नट घड्याळाकडे का बघत होता?