पत्रकवाल्याची कादंबरी

गुरुवार, रात्री

माझ्यासारख्या प्रसिद्धिपत्रकं लिहिणाऱ्याला कादंबरी जमेल का? हा प्रश्न डोकं खायला लागला की मला मायकेल डॉब्ज आठवतो. ब्रिटनच्या तेव्हाच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांच्या हुजूर पक्षाचा हा चीफ ऑफ स्टाफ. ४ जून १९८७ ला, मतदानाला आठवडा उरलेला असताना, एका पाहणीत पक्षाची आघाडी घटलेली दिसली. त्यात बाईंची दाढ दुखत होती. सगळा राग प्रचार सांभाळणाऱ्यांवर निघाला, डॉब्जवरही. ११ तारखेला पक्ष १०२ जागांच्या बहुमताने जिंकला. पण खाल्लेली बोलणी निकालाने थोडीच पुसली जातात?

त्याच उन्हाळ्यात माल्टाच्या गोझो बेटावर सुट्टीत तो हातातल्या पुस्तकाला नावं ठेवत बसला होता. बायको म्हणाली, एवढं कळतं तर स्वतः लिही की. वाईनची बाटली आणि कागद घेऊन बसला, तर उतरली दोनच अक्षरं : एफ, यू. मनातली शिवी! त्या आद्याक्षरांवरून फ्रान्सिस अर्कर्ट (Francis Urquhart) हा नायक जन्मला आणि १९८९ मध्ये ‘हाऊस ऑफ कार्ड्स’ ही कादंबरी आली.

सुडाचं लेखन एरवी मला वाचवत नाही. राग दिसतो, माणूस दिसत नाही. डॉब्जने मात्र पक्षाच्या मुख्य प्रतोदाला, म्हणजे या अर्कर्टला, मधोमध उभं केलं. कुणाचं कुठे काय अडकलंय हे ठाऊक असलेला, आणि वेळ साधून पत्रकाराच्या कानात सोडणारा माणूस. (आमच्याकडे याला ‘सूत्रांनी सांगितले’ म्हणतात.) बातमी फोडणाऱ्याचा आवाज कधी चढत नाही, हे आतल्यालाच माहीत असतं.

मी रोज पत्रकातून कारणच कापतो. ‘वैयक्तिक कारणास्तव राजीनामा.’ मध्यंतरी एकाचा राजीनामा टाइप करत होतो, तर तो शेजारी उभा राहून फक्त स्वतःच्या आडनावातली वेलांटी तपासत होता. दोनदा. मला तो माणूस लिहायचाय. साहेबांची भाषणं लिहून लिहून प्रत्येक पात्र माझ्याकडे टाळ्यांसाठी थांबतं, ती खोड आधी मोडायला हवी.

आणखी एक गंमत. डॉब्जच्या मूळ पुस्तकात अर्कर्ट शेवटी मरतो. १९९० च्या बीबीसी मालिकेत तो जगला, आणि पुढची कादंबरी लिहिताना डॉब्जनेही त्याला मुकाट जिवंत धरलं. आधीचं निवेदन मागे, नवं जारी! त्यात लाजायचं काय? आम्ही दुपारी चारला दिलेलं सहाला फिरवतो, आणि वर ‘विपर्यास केला’ म्हणून पत्रकारांनाच झापतो.