कायद्यात आहे, जागेवर नाही

वॉशिंग्टनमध्ये सगळे करतात ते सगळं केलं. कॅपिटॉल झालं, लिंकन झाला, पायांचे तुकडे पडले. त्याबद्दल लिहीत नाही. लिहायचंय ते लॅटिनोंच्या, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या अमेरिकन माणसांच्या म्युझियमबद्दल, जे अजून नाहीच.

म्हणजे कायद्याने आहे. डिसेंबर २०२० मध्ये मंजुरी मिळाली. त्याआधी एका सिनेटरने हरकत घेऊन अडवलं होतं, मग ते मोठ्या खर्च-विधेयकात घालून पार केलं. पण स्वतःची इमारत नाही. अमेरिकन इतिहासाच्या म्युझियममध्ये पोटभाडेकरूसारखं एक दालन, साडेचार हजार चौरस फुटांचं, तेही मोलिना कुटुंबाच्या १ कोटी डॉलरच्या देणगीवर उभं राहिलेलं. सहा कोटींहून जास्त माणसांचा इतिहास तेवढ्यात बसवायचा! ही म्युझियमं चालवणारी संस्था म्हणजे स्मिथसोनियन. तिने लॅटिनोंकडे जाणूनबुजून दुर्लक्ष केलं, हे त्यांच्याच समितीने १९९४ मध्ये लिहून ठेवलंय.

मी गेलो तेव्हा दालनात सगळ्यात जास्त गर्दी एका फोमच्या तराफ्यापाशी होती. क्यूबातून पळालेल्यांनी समुद्रात घातलेला, कडा झिजलेल्या. एवढ्याशा वस्तूवर जीव टाकून कोणी निघतं हे पटेना. शेजारी एक कॉलेजातला मुलगा फोन उंच धरून उभा. पडद्यावर आजी. ती स्पॅनिशमध्ये सारखी ओरडत होती, जवळ ने, अजून जवळ! सुरक्षारक्षक दोनदा खाकरला, मग त्यानेच बाजूची माणसं हटवून पोराला जागा करून दिली. त्या रक्षकाला माझे पैकीच्या पैकी मार्क.

याच दालनाची मांडणी डाव्या विचारांकडे झुकलेली आहे असं म्हणत २०२३ च्या जुलैत प्रतिनिधीगृहाच्या समितीने म्युझियमचा निधी रोखायला मत दिलं. त्यात लॅटिनो खासदारही होते! पुढे संस्थेच्या प्रमुखांबरोबर बैठक झाली आणि विरोध मावळला. मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. इमारतीचा निम्मा पैसा सरकार देणार, निम्मा देणगीतून आणायचा. पण जागाच पक्की नसेल तर देणगीदारासमोर काय नकाशा पसरणार? स्मिथसोनियनने २०२२ मध्ये पसंत केलेली एक जागा वॉशिंग्टन स्मारकाजवळ आहे. तिथे बांधायचं तर संसदेची आणखी परवानगी हवी. आम्ही ती पाहून आलो. गवत, ऊन, सावलीला एक बाक नाही.

मित्र म्हणाला, पुढच्या वेळी येशील तेव्हा झालेलं असेल. समोरच आफ्रिकन अमेरिकन म्युझियम होतं. त्याचा कायदा २००३ चा, उद्घाटन २०१६ चं. आणि त्यांची जागा तरी तीन वर्षांत ठरली होती.