सड्यावरच्या चार रात्री

देवगड तालुक्यातील एका सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, मे २०२५ मध्ये आम्ही चौघे तंबू ठोकून राहिलो, ते तिथल्या कातळशिल्पांचे रेखाटन करण्यासाठी. कातळात कोरलेल्या या रेषा उथळ असतात आणि सूर्य डोक्यावर आला की दगडाच्या रंगात पार मिसळून जातात. सकाळी उगवतीनंतर आणि संध्याकाळी मावळतीपूर्वी ऊन आडवे पडते, तेव्हाच रेषेच्या काठाची सावली पडून आकृती डोळ्यांना दिसते. हे दोन्ही तास साधायचे, तर वाडीतून रोज चढउतार करण्यापेक्षा वरच राहणे भाग होते. कोकण आणि गोव्यातील अशा नऊ ठिकाणांची नावे २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आली. आमचा सडा त्यात नाही, आणि चिरेखाणी जवळ सरकत असताना त्याची नोंद राहून जाऊ नये, ही तळमळ आम्हा सर्वांना होती.

जिथे वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्याच जिल्ह्यात मे महिन्यात असे वाळवंट असते, हे तिथे राहिल्याशिवाय पटत नाही. इथला जांभा दगड सच्छिद्र असल्यामुळे पावसाचे पाणी वर न थांबता झिरपत पायथ्याच्या विहिरींना मिळते, त्यामुळे सड्यावर ना झाड, ना पाण्याचा थेंब; वाळलेले गवत आणि काळवंडलेला कातळ एवढेच काय ते उरते. जागामालकांची परवानगी आम्ही आधीच घेतली होती. पहिली अडचण आली ती तंबू उभारताना, कारण कातळात खुंटी शिरत नाही. शेवटी जुन्या गडग्याचे, म्हणजे दगडी कुंपणाचे, निखळून पडलेले चिरे गोळा करून प्रत्येक दोरीला दोन-दोन चिरे बांधले आणि तंबूचे तोंड पूर्वेकडे केले. हे चिरे उचलताना प्रत्येक दगड आधी काठीने हलवून पाहायचा, असा दंडक आम्ही घालून घेतला होता. राजस्थानच्या वाळवंटात आढळणारे फुरसे (एक विषारी साप) याही कातळावर राहते, ते रात्री फिरते आणि दिवसा अशाच फटींत बसते. रात्री बॅटरीशिवाय पाऊल टाकायचे नाही आणि सकाळी बूट झटकल्याशिवाय घालायचे नाहीत, हे नियम शेवटपर्यंत पाळले.

पाण्याचा हिशेब सर्वांत कडक होता. वाडीतल्या विहिरीवरून २० लिटरचे दोन कॅन सकाळी आणि एक संध्याकाळी, अशी ने-आण दोघांनी आळीपाळीने करायची. त्यातले ३० लिटर पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी, उरलेल्यात बाकी सगळे. भांडी आधी वाळल्या गवताने पुसून मगच धुवायची. आसपास हापूसच्या आणि काजूच्या बागा असल्याने चूल पेटवण्याचा विचारही आम्ही केला नाही, कारण मे महिन्यात एका ठिणगीने वणवा लागतो आणि कोणाची तरी वर्षाची कमाई जाते. गडग्याच्या आडोशाला लहान गॅसवर उकड्या तांदळाची पेज, कुळथाची पिठी आणि भाजलेला सुका बांगडा एवढेच शिजवले. दुपारी अकरा ते साडेतीन काम बंद ठेवून आम्ही ताडपत्रीच्या सावलीत कोकमाचे सरबत घेत पडून राहत असू.

दिवसाचा ताप पुष्कळसा खारे वारे निभावून नेतात. दुपारी समुद्राकडून वारा सुटला की जीव हलका होई, मात्र मोजपट्टी आणि कागद धरायला दोन माणसे लागत. सूर्य मावळल्यावर तो पडतो आणि जमिनीकडून समुद्राकडे वाहणारे मतलई वारे सुरू होईपर्यंत हवा अगदी थांबते. त्या वेळी दिवसभर तापलेला कातळ खालून धग सोडत राहतो. पहिल्या दोन रात्री आम्ही तंबूत झोपूच शकलो नाही. तिसऱ्या रात्री खाली वाळल्या पेंढ्याचा जाड थर घातला, त्याने बराच फरक पडला. हे आधीच सुचायला हवे होते.

चौथ्या दिवशी, १९ मे रोजी, दुपारचा खारा वारा आलाच नाही. पाणी भरायला गेलो तेव्हा वाडीतल्या काकांनी पूर्वेकडे बोट दाखवले. सह्याद्रीवर ढगांचे डोंगर चढले होते. “आज रातीक थंय रवू नकात, खाली येवा,” एवढेच ते म्हणाले. वळीव घाटावरून येतो आणि सपाट सड्यावर वीज उंच वस्तू शोधते, हे आम्हाला माहीत होते. तरीही संध्याकाळचे ऊन हातचे जाईल म्हणून आमच्यात थोडी चर्चा झाली. सहाच्या सुमारास वीज चमकल्यावर गडगडाट पंधराव्या सेकंदाला ऐकू आला. आवाजाला एक किलोमीटर कापायला सुमारे तीन सेकंद लागतात, म्हणजे वीज पाच किलोमीटरवर होती. पुढची चर्चा तिथेच थांबली. कागद आणि कॅमेरे प्लास्टिकमध्ये गुंडाळले, तंबूचे खांब काढून कापड जमिनीलगत पाडले, त्यावर चिरे ठेवले आणि आम्ही उतरलो. वाडीच्या वाटेवर असतानाच वारा उलटा फिरला आणि टपोरे थेंब सुरू झाले. ती चौथी रात्र आम्ही काकांच्या पडवीत काढली.

अरबी समुद्रात त्याच आठवड्यात तयार झालेली कमी दाबाची प्रणाली २४ मे रोजी रत्नागिरी आणि दापोली यांच्या दरम्यान किनाऱ्यावर आली आणि एरवी जूनच्या पहिल्या आठवड्यात देवगडला येणारा मॉन्सून २५ मे रोजीच तिथे पोहोचला. म्हणजे आमच्या हाती कोरडे असे दिवस उरलेच नव्हते.

२० मेच्या सकाळी सामान आणायला वर गेलो, तेव्हा आभाळ भरलेले होते आणि ऊन नसल्यामुळे रेखाटनाची आशा कोणालाच नव्हती. परंतु रेषांमध्ये पाणी साचून राहिले होते. ज्या आकृतीचा मागचा भाग तीन दिवस आम्हाला सापडत नव्हता, तिच्या दोन्ही मागच्या पायांची आणि शेपटीची रेघ ओल्या काळ्या कातळावर आभाळाच्या रंगाने सलग उमटली होती. आम्ही ओझी खाली ठेवली आणि पुन्हा पाऊस सुरू होईपर्यंत, सव्वा तासात, तिची मापे घेऊन पूर्ण केली.