'धाकट्याचे' नावाचं लेजर

सांगलीच्या मार्केट यार्डात माझी पंचवीसेक गिऱ्हाइकं आहेत, त्यांचं टॅली, म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर, मी सांभाळतो. हळद, बेदाणा, गूळ. मार्चअखेरीला यांचे फोन सुरू झाले की पुढ्यातलं ताट सरकवून उठावं लागतं. पण त्या दिवशीचा फोन स्टॉक जुळत नाही म्हणून नव्हता, जीएसटीसाठीही नव्हता.

"2006 चा डेटा निघंल का? वकिलांनी मागितलाय."

हळदीची अडत, दोघे भाऊ, त्यांच्या वडलांना, आप्पांना, जाऊन तीन वर्षं झालेली. वाटणी चालू होती. धाकट्याचं म्हणणं, आप्पांनी माझ्या वाट्याचे जमिनीचे पैसे पेढीत ठेवले होते, ते कुठं गेले? दादाचं म्हणणं, असं काही नव्हतंच. सध्याच्या डेटात तसं खातं नव्हतं हे खरं. पण तो डेटा 1 एप्रिल 2017 पासूनचा. त्या वर्षी जुलैत जीएसटी आला आणि मीच जुनी वर्षं स्प्लिट करून बाजूला काढली होती.

माळ्यावरचा कॉम्प्युटर खाली काढला. हार्डडिस्क टकटक करून गप्प झाली. शेवटी आप्पांच्या तिजोरीत, चोपड्यांच्या लाल कापडात गुंडाळलेली एक सीडी निघाली. त्यावर मार्करने लिहिलेलं: व्हॅट 06-07. आता सीडी लावायची कशात? समोरच्या फोटो स्टुडिओवाल्याकडून बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आणला, तोही धूळ पुसून.

डेटा टॅली 7.2 चा होता. आजच्या टॅलीप्राइमला तो सरळ उघडत नाही. आधी मायग्रेशनच्या टूलने ईआरपी 9 या मधल्या आवृत्तीच्या साच्यात आणायचा, मग पुढं. त्यासाठी मी एक जुना लॅपटॉप सांभाळून ठेवलाय, बायको त्याला भंगार म्हणते. पट्टी हळूहळू सरकत होती. दोघं भाऊ दोन टोकांच्या गाद्यांवर, मधे मी. शांतता अवघड व्हायला लागली तेव्हा धाकट्याच्या मुलानं विचारलं, "काका, एकाच कंपनीचं सॉफ्टवेअर, मग एकमेकांत का उघडत नाही?"

मी बोलत सुटलो. क्लासमध्ये शिकवतो, तेव्हा हे सगळं तोंडपाठ. म्हटलं, ही कंपनीसुद्धा बापलेकांचीच. बंगळूरचे श्यामसुंदर गोएंका कापड गिरण्यांना आणि कारखान्यांना कच्चा माल, मशीनचे सुटे भाग पुरवायचे. हिशेबाला मनासारखं सॉफ्टवेअर मिळेना. मुलगा भरत गणिताचा पदवीधर, त्यालाच म्हणाले, तूच बनव. 1986 ची गोष्ट. कंपनीचं नाव तेव्हा प्यूट्रॉनिक्स, सॉफ्टवेअरचं नाव प्यूट्रॉनिक्स फायनान्शियल अकाउंटंट, चालायचं डॉसवर. टॅली सोल्यूशन्स हे नाव कंपनीनं घेतलं 1999 साली. पुढं व्हॅट आला 2005 ला, तेव्हा व्हॅटची आवृत्ती. 2009 ला ईआरपी 9, 2017 ला त्यातच जीएसटी, 2020 ला प्राइम. दर वेळी सरकारनं कायदा बदलला की यार्डात आमचा सीझन.

"आप्पांनी कीर्द-खतावणी सोडली ती व्हॅटलाच," दादा मधेच म्हणाले. त्या दिवसातलं त्यांचं पहिलं न भांडता बोललेलं वाक्य.

एक गोष्ट मात्र मी पोराला नीट दाखवली. टॅलीत खात्याला कोड लागत नाही. 1047 म्हणजे अमुक पार्टी, असलं पाठ करायची गरज नाही. तोंडात जे नाव, तेच लेजर, म्हणजे खातं. व्यापारी बापासाठी केलेलं सॉफ्टवेअर असं असणारच, असं मला वाटतं. आप्पा खाती स्वतः उघडायचे, इंग्रजी अक्षरांत पण बोलीत. 'तासगावचा उंच', 'हमाली जुनी', 'बँक कोपऱ्यावरची'. ऑडिटला येणारे सीए कपाळाला हात लावायचे.

डेटा उघडला. अनसिक्युअर्ड लोन्स, म्हणजे बिनतारण घेतलेल्या पैशांच्या यादीत, खालून तिसरं लेजर: 'धाकट्याचे'. जमा 2,40,000. एंटर, एंटर, आत व्हाउचर, म्हणजे मूळ नोंद. नॅरेशन, म्हणजे नोंदीखालची टीप: "माळावरच्या जमिनीचे. त्याच्या लग्नाला नाहीतर धंद्याला."

धाकटा काही बोलला नाही. दादा चष्मा काढून पुसत बसले.

मग ते गेलं कुठं? माझ्याकडच्या बॅकअपमधून 2009-10 उघडलं. 31 मार्च 2010, जर्नल, म्हणजे एका खात्यातून दुसऱ्यात वर्ग केल्याची नोंद. 'धाकट्याचे' नावे, 'जुनी बाकी' जमा. नॅरेशन: "जुनी बकी वर्ग". 'बाकी'तला एक ए गायब. वर-खाली पाहिलं, तशाच अकरा एंट्र्या, सगळ्यांत 'बकी'च. कंट्रोल-आर दाबलं की आधीच्या व्हाउचरचं नॅरेशन जसंच्या तसं येतं, चुकीसकट.

एंट्र्या माझ्याच. बाविसाव्या वर्षी, नवीन ईआरपी 9 टाकायला आलो होतो. आप्पा म्हणाले होते, "यादी लई लांब झालीया, वर्षभर हालचाल नाही ती खाती एका जागी कर." मी केली. नावं वाचली नाहीत, फक्त हालचाल आहे का तेवढं पाहिलं. पुढं कुणा सीएंनी 'जुनी बाकी' आप्पांच्या भांडवलात ढकलली आणि तिथून सगळं पेढीत मिसळून गेलं. कंपन्यांना 1 एप्रिल 2023 पासून एडिट लॉग, म्हणजे कुठली नोंद कधी बदलली याची नोंद, सक्तीचा आहे. भागीदारीच्या पेढीला नाही. सीडी नसती तर दादांवरचा संशय आयुष्यभर राहिला असता.

सांगताना माझा घसा कोरडा पडला. आधी कोणी काही बोललं नाही. मग धाकट्यानं पोराला चहा सांगायला पिटाळलं, "तीन सांग. दादाला बिनसाखरेचा."

"एंट्री फिरवता येती का?" दादांनी विचारलं.

"मागच्या तारखेला नको. आजच्या तारखेला टाकू."

प्राइममध्ये लेजर क्रिएट उघडलं. नावाच्या चौकटीत कर्सर लुकलुकत होता. मी धाकट्याकडं पाहिलं, पूर्ण नाव विचारणार होतो.

"आप्पांनी घातलंय तेच घाला," दादा म्हणाले.

नॅरेशनला कंट्रोल-आर दाबलं नाही. सीडीवरचा व्हाउचर नंबर, 2010 च्या जर्नलची तारीख, माझी चूक, सगळं टाइप केलं. तीन ओळी झाल्या. चहा तोवर निवला होता.