थार सीआरडीईची लिफ्ट: पुढच्या ठोक्याचे मूळ सापडले, आता पन्नासऐवजी पंचवीस मिमी

माझ्या महिंद्रा थार सीआरडीईच्या (डिझेल इंजिनच्या थारच्या) पुढच्या भागातून येणाऱ्या ज्या ठोक्याने गेले काही महिने मला आणि माझ्यासोबत आपल्यापैकी अनेकांना विचार करायला लावले, त्याचे मूळ अखेर सापडले आहे. तो शॉकअबसॉर्बरच्या बुशमधून (जोडातल्या रबरी नळीतून) येत नव्हता, स्टॅबिलायझर बारच्या लिंकमधून येत नव्हता आणि आर्म आणि चाक यांमधल्या बॉल जॉइंटमधूनही येत नव्हता. टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचे काम करणारा पोलादी दांडा) ताणून गाडी पुढून ५० मिमी उचलली, म्हणजे लिफ्ट केली, होती आणि त्यामुळे चाकाला खाली उतरण्यासाठी पुरेशी जागाच शिल्लक राहिली नव्हती. चाक खड्ड्यात उतरले की चाक धरणारा वरचा आर्म आपल्या रबरी स्टॉपवर जाऊन आपटत असे, आणि केबिनमध्ये तोच आवाज सुटा पार्ट हलल्यासारखा ऐकू येत असे.

गाडी आपणा सर्वांच्या परिचयाची आहे: २०२० च्या नव्या मॉडेलच्या आधीची, पुढे टॉर्शन बार आणि मागे पाटे (लीफ स्प्रिंग) असलेली थार. तिचे रोजचे काम बीड शहरातले आहे, शेताचे काम गेवराई तालुक्यात गोदावरीच्या बाजूच्या काळ्या जमिनीत आहे, आणि सवड मिळाली की बालाघाटातल्या दगडी वाटांवर जाणे ही माझी हौस आहे. खताची पोती मागे टाकून राष्ट्रीय महामार्ग ५२ वरून निवांत जाता आले पाहिजे, आईला आधाराशिवाय गाडीत चढता आले पाहिजे आणि पावसाळ्यात शिवरस्त्यावर गाडीचे पोट टेकू नये, एवढ्याच अपेक्षांवर ही लिफ्ट निवडायची आहे.

आता ठोका कसा सापडला ते सविस्तर लिहितो, कारण याच गाडीवर हाच प्रश्न असलेले बरेच जण आहेत. शॉकअबसॉर्बर, लिंक आणि बुश यांची तपासणी झाल्यावर वरच्या आर्मच्या रबरी स्टॉपवर ग्रीसचा पातळ थर दिला आणि शहरातल्या नेहमीच्या गतिरोधकांवरून एक फेरी मारली. परत आल्यावर दोन्ही बाजूंच्या स्टॉपवरचे ग्रीस पूर्ण दबून आर्मच्या धातूवर त्याचा स्वच्छ ठसा उमटलेला होता. गतिरोधकावर चढताना आवाज येत नाही, उतरताना येतो, या निरीक्षणाचा अर्थ त्या ठशाने स्पष्ट केला.

त्यानंतर मोजमाप केले. हे मोजमाप जमिनीपासून करू नये, कारण त्यात टायरची हवा आणि झीज मिसळते. चाकाच्या हबच्या मध्यापासून मडगार्डच्या काठापर्यंत सरळ उभ्या रेषेत मोजावे. गाडी चारही चाकांवर उभी असताना एक माप घ्यावे आणि चासीला जॅक लावून चाक पूर्ण लटकल्यावर दुसरे. या दोन मापांतला फरक म्हणजे चाकाला खाली जायला उरलेली जागा, म्हणजेच ड्रूप. कंपनीच्या मूळ उंचीवर माझ्या गाडीचा ड्रूप ७२ मिमी भरला आणि ५० मिमी उचललेल्या अवस्थेत तो केवळ २२ मिमी उरला होता. चाकाची एकूण हालचाल दोन्ही वेळा तेवढीच होती. ड्रूपमधून काढून घेतलेले ५० मिमी वरच्या बाजूला, म्हणजे बंपकडे, जमा झाले होते.

टॉर्शन बारच्या लिफ्टबद्दल सर्वाधिक गैरसमज याच ठिकाणी आहे. बारचे टोक धरून ठेवणाऱ्या अँकरचा बोल्ट आवळला की बार 'कडक' होतो, असे जवळजवळ प्रत्येक गॅरेजमध्ये सांगितले जाते. बारचा कडकपणा त्याची जाडी, लांबी आणि पोलाद यांवर ठरतो, आणि बोल्ट आवळल्याने यांपैकी काहीही बदलत नाही. चाकावर येणारे वजनही तेवढेच राहते, त्यामुळे गाडी उभी असताना बारमधला पीळ जवळपास पूर्वीइतकाच असतो; बदलते ती केवळ आर्मची बसण्याची जागा. तरीही गाडी चालवताना कडक वाटते, कारण खड्डा आला की चाक रस्त्याचा माग काढत खाली जाऊ शकत नाही, आर्म स्टॉपवर अडतो आणि पुढचा धक्का सरळ चासीला बसतो. हे समजून न घेता अधिक मऊ शॉकअबसॉर्बर विकत घेण्यात अर्थ नाही.

ज्या विक्रेत्याकडून पुढच्या शॉकअबसॉर्बरची जोडी घेतली, त्याच्या खोक्यावर '५० मिमी लिफ्टसाठी' असे ठळक छापलेले आहे, पण पूर्ण उघडलेली लांबी, पूर्ण मिटलेली लांबी आणि आर्मच्या स्टॉपशी त्यांचा संबंध यांविषयी एक ओळही नाही. माझ्या मते या दोन लांब्या न सांगता लिफ्टचे सामान विकणेच चुकीचे आहे. शॉकअबसॉर्बर गरजेपेक्षा आखूड असेल तर रबरी स्टॉपच्या आधी तोच ताणला जातो आणि त्याची सील काही काळातच सुटते. सुदैवाने माझी जोडी पुरेशी लांब निघाली आणि ती गाडीवर राहणार आहे.

पुढची उंची आता ५० वरून २५ मिमीवर आणली आहे. हे काम करताना चाकावरचे वजन जॅकने काढूनच अँकरचा बोल्ट फिरवावा, म्हणजे आटे खराब होत नाहीत. आणि बोल्ट फिरवल्यावर लगेच न मोजता गाडी थोडी पुढे-मागे ढकलून टायर मोकळे होऊ द्यावेत, कारण जमिनीशी अडकलेले टायर गाडीला खरी उंची घेऊ देत नाहीत. दोन्ही बाजूंचे बोल्ट सारखे फिरवून दोन्ही बाजू सारख्या उंचीवर येतीलच असे नाही, म्हणून प्रत्येक बाजू स्वतंत्र मोजावी लागते. सर्व जुळल्यावर ड्रूप ४७ मिमी भरला. अलाइनमेंटच्या यंत्रावर जो कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) ५० मिमीला मर्यादेत बसत नव्हता, तो पहिल्याच जोडणीत बसला. पुढच्या चाकाला शक्ती पोचवणाऱ्या सीव्ही जॉइंटचा कोनही डोळ्यांना जाणवेल इतका कमी झाला आहे, त्यामुळे पुढचे डिफरन्शियल (दोन चाकांत शक्ती वाटणारा गिअरचा डबा) स्पेसर लावून खाली घेण्याचा विचार सोडून दिला. एकीकडे गाडी उचलायची आणि दुसरीकडे तिचा सर्वांत नाजूक भाग पुन्हा खाली आणायचा, हे मनाला पटतही नव्हते.

त्यानंतर मांजरसुंब्याच्या घाटात गाडी नेली. ठोका पूर्णपणे गेला आहे. वळणावर गाडी आधीपेक्षा कमी झुकते, ब्रेक दाबल्यावर नाक सरळ राहते, आणि मुख्य म्हणजे तुटलेल्या डांबराच्या कडेवरून चाक उतरताना स्टिअरिंगला हिसका बसत नाही. मूळ उंचीपेक्षा केवळ २५ मिमी वर असलेली ही गाडी मला ५० मिमीच्या गाडीपेक्षा दगडी वाटेवरही अधिक समर्थ वाटली, कारण चारही चाके जमिनीला धरून राहत होती. हा आनंद मी मनापासून उपभोगला.

आता मागची बाजू. मागे ४० मिमी उचलण्याचे ठरले होते आणि त्यासाठी तीन मार्ग समोर होते. लांब शॅकल (पाट्याचे मागचे टोक चासीला जोडणारी पट्टी) हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे, पण पाट्याचे पुढचे टोक जागेवरच राहत असल्याने शॅकल जितका लांब कराल त्याच्या साधारण निम्मीच उंची मिळते. ४० मिमीसाठी मूळपेक्षा ८० मिमी जास्त लांब शॅकल लावावा लागेल आणि एवढा लांब शॅकल आडव्या जोराला डगमगतो. शिवाय त्यामुळे ॲक्सल फिरतो, पिनियनचे (ॲक्सलमध्ये शक्ती घेणाऱ्या गिअरचे) नाक वर होते आणि त्याला शक्ती पोचवणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टला थरथर येते; ती घालवायला पाट्याखाली पाचर द्यावी लागते. दुसरा मार्ग जास्तीचा पाटा घालण्याचा. खताच्या पोत्यांसाठी तो उत्तम आहे, पण रिकाम्या गाडीत रोज शहरात फिरणाऱ्याने तो घेऊ नये, कारण पाट्यांचा संचच कडक होतो. तिसरा मार्ग आहे त्या पाट्यांची कमान वाढवण्याचा, आणि माझा कल तिकडे आहे.

मात्र कमान कोण आणि कशी देतो यावर सर्व अवलंबून आहे. नुसती थंड ठोकून दिलेली कमान काही काळाने बसते. पाटे तापवून कमान द्यावी, मग तेलात विझवून पुन्हा योग्य तापमानाला टेम्पर करावेत, तरच ती टिकते. जालना पोलादासाठी प्रसिद्ध आहे, पण तिथल्या कारखान्यांचे मुख्य उत्पादन बांधकामाची सळई आहे आणि पाट्याचे स्प्रिंग पोलाद ही वेगळी गोष्ट आहे, हे गृहीत धरूनच कारागीर शोधावा. छत्रपती संभाजीनगरला ट्रकचे पाटे करणारे एक वयस्क कारागीर मला भेटले. पाटा हातात घेऊन कमानीची खोली दोरीने मोजण्याची आणि प्रत्येक पाटा खालच्या पाट्यावर संपूर्ण लांबीत बसतो का हे पाहण्याची त्यांची पद्धत पाहिली, आणि काम त्यांनाच द्यायचे हे तिथेच ठरवले. पाटे ॲक्सलला बांधणारे यू-बोल्ट मात्र नवेच घ्यायचे आहेत; एकदा ताणलेला यू-बोल्ट पुन्हा वापरू नये आणि नवे बोल्टही थोडी गाडी चालल्यावर टॉर्क रेंचने पुन्हा आवळावेत. ज्यांच्या गाडीला मागच्या ब्रेकचा एलएसपीव्ही (वजनानुसार ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह) आहे, त्यांनी मागची उंची बदलल्यावर त्याची जोडणी तपासावी, कारण उंच झालेली गाडी त्याला रिकामी वाटते आणि मागचा ब्रेक कमी मिळतो.

हे सर्व लिहीत असतानाच एक गोष्ट इतकी ठळकपणे समोर आली की कामाचा क्रम बदलणे भाग आहे. आपल्याकडे काळ्या मातीच्या शिवरस्त्यावर गाडी नेमकी कुठे टेकते? उसाच्या ट्रॅक्टरांनी पाडलेल्या दोन खोल चाकोऱ्यांमधला जो उंचवटा असतो, त्यावर. पुढचे डिफरन्शियल चासीला बांधलेले असल्याने लिफ्टसोबत तेही वर जाते आणि उंचवटा पार करते. मागचे डिफरन्शियल मात्र ॲक्सलमध्येच आहे. पाट्यांची कमान कितीही वाढवली तरी त्याची जमिनीपासूनची उंची एक मिलिमीटरही वाढत नाही. ती केवळ मोठ्या टायरने वाढते.

आता हिशेब पाहा. माझ्या २३५/७० आर१६ टायरचा व्यास सुमारे ७३५ मिमी आहे आणि २४५/७५ आर१६ चा सुमारे ७७४ मिमी. म्हणजे मागचे डिफरन्शियल साधारण १९ मिमी वर जाते, आणि त्यासोबत संपूर्ण गाडीही. मीटरवर ८० दिसत असताना खरा वेग सुमारे ८४ असेल आणि गिअरिंग तेवढेच लांबेल, पण ही किंमत मला मान्य आहे. चाळीस मिमी कमानीपेक्षा हे १९ मिमी माझ्या शेताच्या वाटेवर अधिक उपयोगी पडतील. म्हणून आधी टायर, मग पाटे, आणि पाट्यांची वाढही ४० ऐवजी २५ ते ३० मिमी इतकीच, म्हणजे पुढच्या २५ शी ती जुळेल आणि पोती टाकल्यावरही गाडी मागे बसणार नाही.

टायर बसतो की नाही हे पाहण्यासाठी लिफ्टची उंची पाहू नका, असे आग्रहाने सांगतो. बंप स्टॉप (चाकाला वर जाण्यापासून अडवणारा रबर) जुनाच असेल तर पूर्ण दाबलेले चाक लिफ्टनंतरही पूर्वीच्याच जागी जाते, त्यामुळे मडगार्डला घासणारा टायर लिफ्टनंतरही घासेल. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर आतल्या बाजूला घासणे हा तर रिमच्या ऑफसेटचा, म्हणजे ती हबवर किती आत-बाहेर बसते याचा, प्रश्न आहे. एका मित्राचा २४५ चा टायर त्याने रिमसह वापरायला देण्याचे कबूल केले आहे. टॉर्शन बार सैल सोडून, चाक जॅकने बंप स्टॉपपर्यंत दाबून आणि दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून तपासणार आहे. टायरचा नमुना ए/टी (ऑल-टेरेन, म्हणजे डांबर आणि कच्ची वाट दोन्हींसाठी) असेल. काळ्या मातीत त्याच्या खाचा भरतात हे खरे, पण रोजच्या डांबरावर आणि पावसातल्या घाटात मला तोच हवा.

कायद्याच्या बाजूने एवढेच की मोटार वाहन कायद्याच्या वाहनातील बदलांविषयीच्या कलम ५२ चा सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये जो अर्थ लावला, त्यानंतर उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना फारशी जागा उरलेली नाही. माझे सर्व बदल बोल्टने परत फिरवता येतील असेच ठेवत आहे, चासीला वेल्डिंग करणार नाही, आणि विमा कंपनीला लेखी कळवल्याशिवाय टायर व पाटे बसवणार नाही.

आणखी एक कल्पना काल सुचली. वरच्या आर्मचा रबरी स्टॉप बुटका बसवला तर २५ मिमी उंची कायम ठेवून ड्रूप आठ-दहा मिमीने वाढू शकेल. धोका असा की तेवढ्या खालच्या स्थितीत बॉल जॉइंट किंवा सीव्ही जॉइंट आपल्या कोनाच्या टोकाला पोहोचू शकतो. म्हणून आधी स्टॉप काढून, चाक लटकवून, हाताने हळू फिरवत कुठे अडते ते पाहीन आणि अडले तर हा विचार तिथेच थांबवीन. याच मॉडेलच्या गाडीवर आपल्यापैकी कोणी मूळ उंचीचा ड्रूप हबपासून मोजला असेल, तर डावी आणि उजवी अशी दोन्ही मापे कृपया कळवावीत. माझे ७२ मिमी हे सर्वसाधारण आहेत की माझ्या गाडीच्या जुन्या बुशमुळे आले आहेत, हे नवा स्टॉप विकत घेण्याआधी ठरवायचे आहे.