पडद्यामागचे दोन डॅक : आमची वाटचाल

१९७४ साली बाबांनी लॅमिंग्टन रोडवरच्या एका रेडिओवाल्याकडे अर्धं टेबल भाड्याने घेतलं. हातात एक सोल्डरिंग आयर्न, एक मल्टीमीटर आणि वाल्व्हच्या रेडिओंवर काढलेली सात वर्षं. स्वतंत्र गाळा भाड्याने मिळायला १९८३ उजाडलं. ग्रँट रोड स्टेशनपासून चालत पाच मिनिटं, पोटमाळा धरून जेमतेम दीडशे चौरस फूट. आज आम्ही चौघे त्याच गाळ्यात काम करतो. डॅक विकतो, दुरुस्त करतो, आणि २०१९पासून थोडेसे स्वतः बनवतोही.

डॅक म्हणजे काय, हे दुकानात रोज कुणाला ना कुणाला सांगावं लागतं, तेव्हा इथेही सांगतो. सीडीवर किंवा फोनमध्ये गाणं आकड्यांच्या रूपात असतं. सीडीचं म्हणाल तर सेकंदाला ४४,१०० आकडे, प्रत्येक आकडा १६ बिटांचा, आणि हे डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना वेगवेगळं. या आकड्यांची पुन्हा विजेची लाट करून अ‍ॅम्प्लिफायरकडे पाठवणारं यंत्र म्हणजे डॅक. पाचशे रुपयांत मिळतो, पंचवीस लाखांतही मिळतो. या दोन टोकांच्या मधल्या जागेत आमचं घर चालतं.

आमच्या गाळ्यात पहिला सीडी प्लेअर आला १९८८ साली. गिरगावातले एक डॉक्टर दुबईहून फिलिप्सचा प्लेअर घेऊन आले होते. प्लग बदलायचा होता, एवढंच काम. बाबांनी त्यांना म्हटलं, ‘डॉक्टरसाहेब, तीन रात्री माझ्याकडे राहू दे.’ मी तेव्हा शाळेत होतो. पोटमाळ्यावर बसून बाबा एकच तंबोरा पुन्हा पुन्हा ऐकत होते. दोन गाण्यांच्या मध्ये त्यांनी व्हॉल्यूम पूर्ण चढवला आणि स्पीकरच्या जाळीला कान लावला. रेकॉर्डची खरखर नाही, टेपची सळसळ नाही. मला जवळ बोलावून म्हणाले, ‘ऐक, काहीच नाहीये.’ त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं ते अजून डोळ्यांसमोर आहे. चौदा वर्षं लोकांच्या यंत्रांतली खरखर काढण्यात घालवलेल्या माणसाला खरखर नसलेलं यंत्र पहिल्यांदाच भेटलं होतं.

आमच्या जुन्या गिऱ्हाइकांना मात्र ते पटलं नाही. आवाज कोरडा आहे, त्यातला जीव गेला, असं जवळजवळ सगळ्यांचं मत पडलं. बाबांनी त्यांना खोटं पाडलं नाही. त्यांचा एकच नियम होता, ‘आधी झाकण उघड, मग बोल.’ आणि झाकण उघडल्यावर दिसायचं की तक्रारीला आधार असू शकतो. १९८२ साली जपानात बाजारात आलेल्या सोनीच्या पहिल्या प्लेअरमध्ये, सीडीपी-१०१मध्ये, दोन्ही चॅनलना मिळून एकच डॅक होता. तो आळीपाळीने एकदा डावीकडचं आणि एकदा उजवीकडचं काम करायचा, त्यामुळे एक बाजू दुसरीपेक्षा सुमारे ११ मायक्रोसेकंद मागे राहायची. वर २० किलोहर्ट्झच्या पुढचं सगळं कापून टाकणारे भिंतीसारखे उभे फिल्टर. फिलिप्सच्या लोकांनी वेगळी वाट धरली होती. त्यांची सुरुवातीची चिप १४ बिटांचीच होती, पण चौपट ओव्हरसॅम्पलिंग करून, म्हणजे दर दोन आकड्यांच्या मध्ये हिशेबाने आणखी तीन आकडे घालून, तिच्याकडून जवळजवळ १६ बिटांचं काम ते करून घ्यायचे आणि पुढचा फिल्टर सौम्य ठेवायचे. म्हणजे सीडी या माध्यमात खोट नव्हती. ती वाचणारी यंत्रं अजून शिकत होती.

मी दुकानात बसायला लागलो १९९६ साली. पुढची दहा-बारा वर्षं रुळलेल्या वाटेने गेली, त्यांत सांगण्याजोगं फार नाही. सीडी प्लेअरची लेझर बदलायची, डेकचे बेल्ट बदलायचे, गणपतीच्या आधी मंडळांचे अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करायचे.

२००९ साली सुटा डॅक म्हणून पहिला डबा विकला. लोक गाणी कॉम्प्युटरवर ठेवायला लागले होते. त्या काळच्या बऱ्याच यूएसबी डॅकमध्ये, कुठला आकडा कधी वाजवायचा ते ठरवणारं घड्याळ कॉम्प्युटरच्या मागे फरफटत जायचं. आकडे बरोबर पोचायचे, पण प्रत्येक आकडा वाजण्याची वेळ किंचित पुढेमागे व्हायची. पुढे असिंक्रोनस यूएसबी रुळलं. त्यात डॅक स्वतःच्या क्रिस्टलवर, म्हणजे स्वतःच्याच घड्याळावर चालतो आणि कॉम्प्युटरकडे हवे तेवढे आकडे मागतो. हा बदल वरून दिसत नाही, पण माझ्या मते गेल्या वीस वर्षांतला सगळ्यात मोठा फायदा यानेच झाला. स्वस्त डॅक आणि महाग डॅक यांच्यातली निम्मी दरी याने बुजवली.

ही दरी नेमकी किती बुजली हे आम्हाला २०१२ साली कळलं, आणि त्याची किंमतही मोजावी लागली.

रविवारी दुपारी पाच-सहा नेहमीची माणसं जमवून ऐकायची बैठक आम्ही तेव्हाच सुरू केली होती. पहिल्याच महिन्यात साडेतीन लाखांचा एक डॅक आणि नऊ हजारांचा एक डॅक शेजारी ठेवले. सगळ्यांनी एकमुखाने साडेतीन लाखांवाल्याला कौल दिला. खर्ज भरदार, गळा समोर, तबल्याच्या थापेला वजन. एका गिऱ्हाइकाने तिथल्या तिथे घ्यायचं ठरवलं. रात्री शटर ओढण्याआधी मी सहज दोन्हींच्या लाइन आउटला, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरकडे जाणाऱ्या सॉकेटला मीटर लावला. नऊ हजारांवाला २ व्होल्ट देत होता, साडेतीन लाखांवाला अडीच. हा जवळजवळ २ डेसिबलचा फरक झाला. एवढा फरक कानाला ‘मोठा आवाज’ म्हणून जाणवत नाही, ‘चांगला आवाज’ म्हणून जाणवतो.

रात्रभर झोप लागली नाही. सकाळी त्या गिऱ्हाइकाला फोन करून सांगितलं, ‘साहेब, पैसे भरायच्या आधी पुढच्या रविवारी पुन्हा एकदा ऐकूया.’

पुढच्या रविवारी पोटमाळ्यावर जुनी चादर टांगली, तिच्यामागे दोन्ही डबे. १०० हर्ट्झचा सूर लावून दोन्हींचं व्होल्टेज २० मिलिव्होल्टच्या आत जुळवलं. (साधा मल्टीमीटर ५० हर्ट्झच्या घरगुती विजेसाठी बनवलेला असतो. १,००० हर्ट्झच्या सुराला तो चुकीचं सांगू शकतो, म्हणून जुळवणी खालच्या सुरावर करावी. घरी करून बघणाऱ्यांसाठी सांगतोय.) मग नाणं उडवून १६ वेळा अदलाबदल. १६पैकी किमान १२ वेळा ओळखता आलं, तरच तो योगायोग नव्हे असं धरता येतं. त्या गिऱ्हाइकाची ९ बरोबर आली, माझीही ९.

साडेतीन लाखांचा सौदा गेला. काही दिवसांनी तो डॅक आमच्याकडे पाठवणाऱ्या वितरकाने पुढचा माल थांबवला. कारण फोनवरच सांगितलं, ‘तुम्ही लोकांना चादरीमागे बसवता.’ त्या वर्षी दुकानाचं भाडं आणि दोन पगार आईच्या ठेवीतून गेले. बाबा एका शब्दाने बोलले नाहीत. फक्त ती चादर धुऊन, इस्त्री करून पोटमाळ्यावर परत आणून ठेवली.

पुढे मेयर आणि मोरान या दोघांचा २००७ सालचा अभ्यास वाचनात आला. अमेरिकेतल्या ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात तो छापून आला होता. उंची दर्जाच्या डिस्कचा आवाज एकदा थेट आणि एकदा सीडीच्या १६ बिटांच्या चाळणीतून काढून लोकांना ऐकवला होता. ५५४ प्रयत्नांत २७६ उत्तरं बरोबर, म्हणजे नाणं उडवल्यासारखंच. वाचून धीर आला.

यावरून ‘सगळे डॅक सारखेच’ असं म्हणणारी तरुण मुलं आता आमच्याकडे येतात. फोनवर आलेख दाखवतात, म्हणतात, ‘दादा, आकडा बघा, ऐकायची गरजच काय?’ त्यांना मी एक प्रसंग नेहमी सांगतो.

२०१५ साली दादरची एक मुलगी रविवारच्या बैठकीला आली, तबला शिकणारी. त्या दिवशी एका बाजूला जुन्या पद्धतीचा, ओव्हरसॅम्पलिंग न करणारा, रेझिस्टरच्या शिडीचा (प्रत्येक बिटाला शिडीची वेगळी पायरी) डॅक होता आणि दुसरीकडे आजच्या डेल्टा-सिग्मा (थोड्या बिटांनी पण फार वेगाने काम करणाऱ्या) चिपचा. तिने १६पैकी १५ वेळा ओळखलं. आम्ही सगळे गप्प. कशावरून ओळखतेस, विचारलं, तर म्हणाली, ‘चाटेवरून. या एकात बोट काठावर पडल्यावरची धार बोथट होते.’ मीटरवर बघितलं तर तिचं खरं होतं. ओव्हरसॅम्पलिंग नसलं की ४४.१ किलोहर्ट्झवर वरचे सूर आपोआप उतरतात. १० किलोहर्ट्झला पाऊण डेसिबल, २० किलोहर्ट्झला ३ डेसिबलहून जास्त. हे साधं गणित आहे, आणि तिने ते कानाने मांडलं. आणखी एक गोष्ट, तिला आवडला तो बोथट धारेचाच. तिच्या गुरुजींची जुनी रेकॉर्डिंग कर्कश आहेत, ती त्यावर सुसह्य वाटतात, म्हणाली. तो डॅक तिने हप्त्यांवर घेतला. विकताना मला काडीचाही संकोच वाटला नाही, कारण ती काय घेते आहे हे तिला आणि मला दोघांनाही माहीत होतं.

त्यामुळे ‘कान हेच मीटर’ म्हणणारे काका आणि ‘मीटर हाच कान’ म्हणणारी मुलं, दोघांनाही मी झाकण उघडायला सांगतो. मुंबईच्या घरात तर हे फार लागू पडतं. आजचे चांगले डॅक १२० डेसिबलची झेप, म्हणजे सगळ्यात बारीक आणि सगळ्यात मोठ्या आवाजातलं अंतर, सांगतात आणि ती खरी असते. पण रात्री अकरा वाजता खिडक्या लावून आमच्या गाळ्यात मीटर ठेवला तर तो ४०च्या खाली जात नाही. पंखा, रस्ता, शेजारचा फ्रिज. ती झेप ऐकायला खोली कुठून आणायची? कितीतरी लोकांना मी डॅकऐवजी जाड पडदे घ्यायला लावले.

एक गृहस्थ बोरिवलीहून आले होते. लॅपटॉपवरून गाणं लावलं की घूं आणि किरकिर, म्हणून दोन लाखांच्या डॅकची चौकशी. घरी जाऊन बघितलं तर लॅपटॉपचा चार्जर आणि अ‍ॅम्प्लिफायर यांच्या अर्थिंगचा फेरा होत होता, म्हणजे अर्थिंगच्या वायरींतून नको ती वीज फिरत होती. यूएसबीऐवजी ऑप्टिकल वायर टाकली. तिच्यातून प्रकाश जातो, वीज जात नाही, म्हणून फेरा तुटला. वायर चारशे रुपयांची. त्या एका घरातून आजवर आमच्याकडे अकरा गिऱ्हाइकं आली.

चुकलो नाही असं नाही. २०१४ साली एमक्यूए नावाचं, उंची दर्जाचं गाणं लहान फाइलमध्ये बसवायचं तंत्र जाहीर झालं. पुढे ते डॅकमध्ये आलं, गाणं लागलं की दिवा पेटायचा. झाकण न उघडताच मी दोघांना त्यासाठी जास्तीचे पैसे घालायला लावले. एप्रिल २०२३मध्ये ती कंपनी आर्थिक अडचणीत येऊन प्रशासकाकडे गेली. दोघांनाही मी बोलावून घेतलं आणि फरकाची रक्कम दुरुस्तीच्या खात्यात जमा धरली.

स्वतःचा डॅक बनवायचा घाट २०१९चा. आमच्याकडे इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेतलेला एक मुलगा आहे, हाताने सोल्डरिंग असं करतो की बाबा चष्मा लावून बघत राहतात. आसाही कासेई या जपानी कंपनीची एके४४९३ चिप घेऊन आम्ही बोर्ड बनवला, वीस नग विकले. मग टाळेबंदी आली, आणि ऑक्टोबर २०२० मध्ये जपानमधल्या नोबेओका इथल्या त्यांच्या कारखान्याला आग लागली. ती आग कित्येक दिवस धुमसत होती. चिपचे भाव आमच्या आवाक्याबाहेर गेले आणि मग चिप मिळेनाशीच झाली. ईएसएस या दुसऱ्या कंपनीच्या चिपवर जायचं ठरवलं, पण एकीच्या जागी दुसरी बसवून भागत नाही. आधीच्या चिपमधून थेट व्होल्टेज निघायचं. या चिपचं चांगलं काम हवं तर तिच्यातून करंट घ्यायचा आणि त्याचं व्होल्टेज करणारा वेगळा टप्पा बांधायचा. तो टप्पा नीट जमला नाही की मधल्या पातळीवर विरूपणाचा, म्हणजे मूळ आवाजात नसलेल्या भेसळीचा, छोटा उंचवटा आलेखात दिसतो. आमच्याही बोर्डवर दिसला. एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर, एवढ्याचं माप बसवायला साडेतीन महिने गेले. चादरीमागे तो उंचवटा आमच्यापैकी कुणालाच ऐकू आला नव्हता. तरी तो ठेवून बोर्ड विकायला मन होईना.

आता महिन्याला सहा-सात नग जातात. बाकी मिळकत दुरुस्तीची आणि ऐकवण्याची. गेली सहा वर्षं आम्ही तासाला पैसे घेऊन ऐकवतो, काही विकत घ्या न घ्या. वितरकांवर अवलंबून राहणं त्यामुळे संपलं.

गेल्या आठवड्यात गिरगावच्या त्या डॉक्टरांचा नातू १९८८चा तोच प्लेअर घेऊन आला. आत फिलिप्सची टीडीए१५४१ए चिप ठणठणीत आहे, लेझर थकली आहे. बाबांनी जपून ठेवलेल्या दोन लेझरपैकी एक बसवली, लागली. नातवाच्या खिशात फोनला लावायचा बोटाएवढा डॅक होता. दोन्ही शेजारी ऐकायचे म्हणतो. रविवारी चार वाजता या म्हटलंय. प्लेअर २ व्होल्ट देतो आणि तो छोटा १, म्हणून प्लेअरच्या पुढे लावायला व्होल्टेज निम्मं करणारा दोन रेझिस्टरचा विभाजक आज दुपारी बांधून ठेवला. चादर बाबांनी काल दोरीवर वाळत घातली आहे.